बारवेच्या पायऱ्या

भिलाईला मी आले ती एका वर्षापुरती, अभ्यागत प्राध्यापक म्हणून. मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवर वावरलेले लेखक शिकवावयाचे होते, आणि त्यासाठी याहून उचित स्थळ मिळाले नसते. येथून जवळच राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत होते. १९६४ च्या सप्टेंबरात दिल्लीत त्यांचे निधन झाले. घरची भाषा मराठी, लेखणीची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत राहिले. एका उंबरठ्यातून दोन भाषांत निघालेल्या या दोन वाटांवर एखादे पुस्तक लिहावे, असा माझा संकल्प होता.

पावसाळा सरता सरता मला पहाटे तीनला जाग येऊ लागली. खिडकीतून पोलाद कारखान्याच्या दिशेचे तांबूस आकाश दिसे. १९५९ च्या फेब्रुवारीत येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझू देत नाहीत. अवेळी थंडावली तर आतला रस गोठून बसतो. माझ्या आत तेच घडत होते, परंतु ते तसे म्हणण्याची माझी तयारी नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकाला एक वाईट खोड असते. प्रत्येक अवस्थेला तो पूर्वसूरींच्या पंक्तीत नेऊन बसवतो. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. मग माझा विषाद हाही योगच असला पाहिजे! युरोपीय परंपरेत तर खिन्नता हे प्रज्ञावंतांचे लक्षण मानण्याची जुनी रीत आहे. आणि हाताशी मुक्तिबोधांची ‘ब्रह्मराक्षस’ ही कविता होतीच. गावाबाहेरच्या ओसाड बारवेत, खोल पाण्यात बसलेला तो विद्वान पिशाच्च; अंगावरची मलिनता जावी म्हणून अखंड अंग घासणारा, आणि तरीही मलिनच राहणारा. हा मीच, असे मी वहीत लिहून ठेवले. त्या वाक्याचा मला थोडा अभिमानही वाटला, हे येथे कबूल केले पाहिजे.

मग एके सकाळी ध्यानात आले की ब्रह्मराक्षस अहोरात्र स्नान करीत असतो, आणि मी पाच दिवस अंघोळ केलेली नव्हती. विद्यार्थ्यांचे निबंध तीन आठवडे तसेच पडून होते. एक परिच्छेद चार वेळा वाचूनही हाती काही लागत नव्हते. आपण नसलो तरी कोणाचे काही अडणार नाही, हा विचार येई, आणि त्याची भीती वाटेनाशी झाली होती. यात प्रज्ञेचा अंश कोणताच नव्हता.

अतिथिगृहाच्या स्वयंपाक्याने ते माझ्याआधी ओळखले होते. दाराशी उभा राहून तो म्हणाला, “मॅडम, तीन दिन से डिब्बा वैसे ही लौट रहा है.” मग थोडे थांबून, “मेरे साले को भी ऐसा हुआ था. भट्ठी पर काम करता था. डॉक्टर को दिखाया, दवा चली, अब ड्यूटी पर जाता है.” एवढे बोलून तो डबा घेऊन गेला. इतक्या वर्षांच्या वाचनात या अवस्थेविषयी इतके साधे निवेदन माझ्या वाट्याला आले नव्हते.

मनोविकारतज्ज्ञ बाई वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी हिंदीत विचारले, झोप कशी आहे, भूक कशी आहे, कधीपासून. मी उत्तरले, “पढ़ा नहीं जाता. उठा नहीं जाता.” आणि तेथेच मला रडू कोसळले. दर रविवारी आई फोनवर विचारी, “बरी आहेस ना?” मराठीत त्याचे उत्तर ठरलेले असते: “हो, बरी आहे.” जे मायबोलीत बोलवले नाही, ते दुसऱ्या भाषेने बोलू दिले. मुक्तिबोधांनी हिंदी का निवडली, याचे उत्तर मला सापडले असे मी म्हणणार नाही. एका कवीचे आयुष्य हा माझ्या दुखण्याचा दाखला नव्हे. परंतु परकी नसलेली, तरी घरचीही नसलेली भाषा माणसाला कोणता आसरा देते, हे मला त्या खोलीत कळले.

बाई म्हणाल्या, हा स्वभाव नव्हे, आजार आहे. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतील, बरे वाटू लागले तरी मनाने बंद करायचे नाही, आणि सोबत समुपदेशन चालू ठेवायचे. मरणाचे विचार येतात का, हेही त्यांनी सरळ विचारले. तो प्रश्न कोणी विचारल्यानेच त्या विचारांचा जोर कमी झाला.

परतताना मनात हिंदीतले ते वाक्य मराठीत उतरवू लागले. “मला वाचवत नाही. मला उठवत नाही.” व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. कैक वर्षे शिकवलेले हे रूप मी प्रथमच ऐकले. “मी उठत नाही” म्हटले की दोष कर्त्यावर येतो. “मला उठवत नाही” यात आळसाचा आरोप नाही, केवळ शक्ती ओसरल्याची नोंद आहे. माझ्या भाषेने हे वाक्य केव्हाच तयार करून ठेवले होते. रविवारची वाट न पाहता मी फोन केला आणि म्हटले, “आई, मला सकाळी उठवत नाही गं.” तिने कारण विचारले नाही. “गाडी कितीला असते?” एवढेच विचारले.

दिवस पालटले ते हळूहळू, मागेपुढे होत. एकदा सहाला जाग आली. पुढे एक निबंध तपासून झाला. औषध अजून चालू आहे. दुसऱ्या सत्रात ‘ब्रह्मराक्षस’ पुन्हा शिकवली, तेव्हा शेवटाकडे प्रथमच नीट पाहिले. निवेदक त्या एकाकी विद्वानाचा शिष्य होऊ इच्छितो, त्याचे अपुरे कार्य तडीस नेऊ इच्छितो. मी आजवर केवळ पाणी आणि काळोख वाचला होता. बारवेला पायऱ्या असतात, कोणी उतरून येऊ शकते, हाक मारता येते, हे वाचायचे राहून गेले होते.

त्या सत्राच्या वाचनसूचीखाली मी एक आकडा छापला: १४४१६. एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅम, ये कौन-सी किताब का नंबर है?” मी सांगितले की हा टेलिमानसचा क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या सरकारी सेवेचा, दिवसरात्र, विनामूल्य, हिंदीत बोला की मराठीत. तिने तो वहीत उतरवून घेतला. कोणासाठी, हे मी विचारले नाही. तास संपल्यावर मी खोलीत थोडी अधिक वेळ बसून राहिले.