टोपलीत काय न्यायचे?



8 सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव येतो. त्याआधीचे नऊ दिवस आपल्या मुलांची नुसती धांदल असते. परसातली, बांधावरची, कुंपणावरची मिळतील ती फुले गोळा करायची, ताटात घालून चर्चमध्ये आणायची आणि गीत गात मरियामातेपुढे वाहायची. सणाच्या मिस्सेला भाताच्या नव्या लोंब्यांवर धर्मगुरू आशीर्वाद मागतात आणि घरोघरी एकेक लोंबी जाते. कुणी ती देव्हाऱ्यात क्रुसाजवळ लावून ठेवतो. कुणी तिचे दाणे सोलून खिरीत घालतो आणि घरातल्या सर्वांना ती खीर वाटतो. मंगळूरकडे या सणाला मोंती फेस्त म्हणतात. गोव्यात बऱ्याच गावांचे कणसांचे फेस्त ऑगस्टमध्येच होते. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन बांधवांचा आगेरा ऑक्टोबरच्या आरंभी येतो. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी नव्याची पुनव असते. भात पिकवणाऱ्या माणसाला नवा दाणा आधी देवाला दाखवल्याशिवाय गोड लागत नाही.

शेतात राबणाऱ्यांना यातली एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात सप्टेंबरच्या आरंभी भात तयार झालेले नसते. हळवे भात नुकते निसवलेले असते, दाणा दुधात असतो. गरव्या भाताची तर अजून पोटरीही सुटलेली नसते. कापणीला दिवाळी उजाडते. तोवर पाऊस आहे, करपा आहे, रानडुकरे आणि गवे आहेत. म्हणजे आपण वेदीपुढे नेतो ती लोंबी काही भरलेल्या कणगीतली नसते. पुढचे काय होणार हे कळण्याआधीच आपण देवाचे उपकार मानतो. प्रथमफळाच्या अर्पणात श्रद्धा आहे ती इथे.

पण दाणा भरण्याआधीच रान पाण्याखाली गेले तर? मग टोपलीत काय न्यायचे?

2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यात मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा अशा सगळ्याच नद्या पात्राबाहेर आल्या होत्या. नदीकाठच्या रानात नुकतीच लावणी झालेली. पाणी दिवसच्या दिवस उभे राहिले आणि रोपे जागच्या जागी कुजली. सण महिनाभरावर आलेला. आम्हा धर्मशिक्षकांच्या बैठकीत विषय निघाला. काहींचे म्हणणे पडले की यंदा नवेना होऊ दे, मिस्सा होऊ दे, पण लोंब्यांची मिरवणूक नको. ज्यांचे सगळे गेले त्यांच्यासमोरून आपण हिरव्या लोंब्या मिरवत जायचे हे बरे दिसत नाही. काही म्हणाले, देवाचे देणे चुकवायचे नसते. दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या. शेवटी ठरले की मिरवणूक काढू, आणि ज्याला जे आणावेसे वाटेल ते त्याने आणावे.

8 सप्टेंबर त्या वर्षी रविवारीच आला होता. माळावरच्या रानातून लोंब्या आल्या. दोडकी, काकड्या, भेंडी, पडवळ अशा परसातल्या भाज्या आल्या. या सगळ्यांच्या मागे नदीकडच्या वस्तीवरचे एक आजोबा होते. त्यांच्या हातात एक पेंढी होती. चिखल वाळून चिकटलेली, कुजून काळी पडलेली भाताची रोपे. एकाही काडीला लोंबी नव्हती. फादरांनी बाकीच्यांचे जसे घेतले तशीच ती पेंढी दोन्ही हातांनी घेतली आणि वेदीच्या पायरीवर लोंब्यांशेजारी ठेवली. मिस्सेनंतर बाहेर कुणीतरी हळूच विचारले, “मामा, हे कशाला आणलासा?” ते म्हणाले, “चांगलं आलं की आणतोयच की दरवर्षी. औंदा हे आलंय. देवाला दाखवायला नको?”

त्यांच्या या बोलण्याला पवित्र शास्त्रात भक्कम आधार आहे. अनुवादाच्या पुस्तकाचा 26 वा अध्याय काढून वाचावा. प्रथमफळाची टोपली याजकाकडे कशी न्यायची याचे सविस्तर नियम तिथे आहेत. टोपली ठेवून नुसते परतायचे नाही. प्रत्येक शेतकऱ्याने उभे राहून मोठ्याने काही सांगायचे आहे. ते काय, तर आपला पूर्वज भटका होता, मूठभर माणसांनिशी मिसर देशात गेला. तिथे आमचा छळ झाला, आमच्यावर कष्ट लादले गेले, आम्ही परमेश्वराला हाका मारल्या आणि त्याने आमची दैना पाहिली. एवढे सगळे सांगून झाल्यावर मग देवाने दिलेल्या भूमीचे नाव घ्यायचे आणि आणलेले फळ त्याच्यापुढे ठेवायचे.

इस्राएलच्या आभारप्रार्थनेची सुरुवात अशी हालअपेष्टांपासून होते. भरलेली टोपली हातात असतानाही रिकाम्या हातांच्या दिवसांची आठवण देवापुढे काढायची, हा नियमच आहे. आणि बोलणारा ‘आम्ही’ म्हणतो हेही लक्षात घ्यावे. मिसर सोडून कित्येक पिढ्या लोटल्या, तरी कनानात जन्मलेला शेतकरी म्हणतो, आमचा छळ झाला. दुसऱ्याचे दुःख तो आपल्या प्रार्थनेत घेतो. ज्याचे रान वाचले त्याने ज्याचे बुडाले त्याच्यासाठीही ‘आम्ही’ म्हणावे, हे शिक्षण त्या नियमात आहे.

लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आपल्याला पाठ आहेत. एकटा शोमरोनी आभार मानायला परतला, हे आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. त्याच उताऱ्यात लूक आणखी एक गोष्ट नोंदवतो. आरंभी ते दहाही जण दूर उभे राहून मोठ्याने दयेची याचना करतात, आणि शेवटी तो एकटा मोठ्याने देवाचे गौरव करतो. ज्या गळ्याने दया मागितली त्याच गळ्यातून पुढे स्तुती निघाली. जो देवापुढे कधी रडला नाही त्याची स्तुती कदाचित ओठांवरचीच राहते.

म्हणून संत पौलाचा उपदेशही नीट समजून घेतला पाहिजे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात तो प्रत्येक परिस्थितीत उपकार मानायला सांगतो. प्रत्येक परिस्थितीबद्दल उपकार माना, असे तो म्हणत नाही. ‘परिस्थितीत’ आणि ‘परिस्थितीबद्दल’ या दोहोंत मोठे अंतर आहे. घरात तरुण माणूस गेलेला असतो, कुणाला मोठा आजार निघालेला असतो, आणि दारात आलेला कुणीतरी म्हणतो, “देवाची इच्छा, आभार मान.” त्याचा हेतू चांगला असतो, पण त्या घरातल्या आईचा श्वास कोंडतो. पुराबद्दल देवाचे आभार मानायला पौलाने सांगितलेले नाही. पुरातही देव आपल्याला सोडून गेलेला नाही, एवढ्या आधारावर त्याच्याशी बोलत राहायला तो सांगतो. हे पत्र छळ सोसणाऱ्या मंडळीला लिहिलेले आहे, हेही विसरू नये.

यात आणखी एक लाभ आहे. दरवर्षी आमच्याकडे मिरवणुकीत आलेल्या वस्तूंचा मिस्सेनंतर लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. त्या वर्षी लिलाव झाला नाही. ते तांदूळ, त्या भाज्या आणि नंतर लोकांनी घरून आणून दिलेली पोती नदीकडच्या वस्तीवर गेली. पाणी ओसरलेल्या रानात कडधान्य घालायचे तेव्हा काही घरे पैऱ्याने मदतीला उतरली. ती काळी पेंढी देवाने पाहिली, तशी शेजाऱ्यांनीही पाहिली. नुकसान घरातच झाकून ठेवले असते आणि ओठांवर नुसते ‘सगळे ठीक आहे’ असते, तर कुणाला काय करायचे ते सुचलेही नसते. अनुवादातला तो नियमसुद्धा इथेच येऊन थांबतो. टोपली अर्पण केल्यावर लेवी आणि परदेशी यांना सोबत घेऊन आनंद करा, असे तो सांगतो. वाटा निघाला नाही तर अर्पण पुरे होत नाही.

आणि आपल्या वेदीवर तरी रोज काय घडते? ‘युखारिस्त’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. प्रभूने भाकर घेऊन आभार मानले ती रात्र कोणती होती? घात करणारा पंगतीलाच बसलेला होता. त्याच रात्री पुढे गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. आभार आणि आकांत दोन्ही एकाच रात्री, एकाच पित्यापुढे. मिस्सेत आपण त्या रात्रीत सहभागी होतो. मग तिथे जाताना आपली काळी पेंढी दाराबाहेर ठेवून का जावे?

या वर्षी नवेनाच्या नऊ दिवसांत घरी संध्याकाळच्या जपमाळेआधी आपण तीन गोष्टी बोलू या. आज काय मिळाले, ते नाव घेऊन. आज काय गेले किंवा काय सलते आहे, तेही नाव घेऊन. आणि यातला वाटा कुणाच्या घरी पोचवायचा आहे. लहान मुलांनाही बोलू द्यावे. मुलगा म्हणाला, परीक्षा वाईट गेली, तर त्याला लगेच गप्प करू नये. सून म्हणाली, माहेरची आठवण येते, तर ऐकून घ्यावे. मग जपमाळ हातात घ्यावी.

हे प्रभू, आमच्या टोपलीत जे आहे आणि जे नाही, ते दोन्ही तू पाहा. आम्हाला खरे बोलायला आणि शेजाऱ्याला वाटा द्यायला शिकव. आमेन.