थरांची भाषा

मराठीत ‘बर्फ’ या एकाच शब्दावर आपण दोन वस्तूंचा भार टाकतो. गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी हाही बर्फ आणि आकाशातून कापसासारखा उतरतो तोही बर्फच. बीड जिल्ह्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्याची अडचण कधी भासली नव्हती. परंतु जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात मोठ्या हिमवृष्टीनंतर हिमस्खलन झाले आणि लष्कराचे जवान गाडले गेले. मृतांमध्ये अकोला, परभणी या जिल्ह्यांतील जवानही होते. तेव्हापासून हा प्रश्न मला केवळ शब्दकोशाचा वाटत नाही.

‘हिमस्खलन’ हा शब्द घटनेचे नाव सांगतो. तिचे कारण सांगत नाही. ते समजून घेण्यासाठी लागणारे शब्द आपल्या विहिरींवर सापडतात. विहीर खणणारा काळी माती, मुरूम, मांजऱ्या, काळा खडक असे थर ओळखतो. कोणता थर पाणी धरतो आणि कोणता ढासळतो, हे तो जाणतो. डोंगरउतारावरील हिमही असेच थरांनी बनलेले असते. प्रत्येक हिमवृष्टी एक थर टाकते. मधल्या कोरड्या, कडक थंडीत जुन्या थरातील कणांचे रूप पालटते. ते साखरेसारखे टोकदार व सुटे होतात आणि परस्परांना धरून राहत नाहीत. त्यावर नवे हिम साचले, की वरचा जड थर त्या कच्च्या थरावरून अखंड पत्र्यासारखा सुटतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी विशेष धोक्याचे असतात. वारा एका बाजूचे हिम उचलून आडोशाच्या बाजूला रचतो, तेथे भार आणखी वाढतो. म्हणून ताज्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस जपण्याचे असतात.

जाणकार वरच्या शुभ्रतेवर विसंबत नाहीत. शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसते का, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज होतो का, पावलापासून तडा धावत जातो का, हे ते पाहतात. मग खड्डा खणून थर तपासतात. हिमाचा एक चौकोनी खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि मनगटातून, कोपरातून व खांद्यातून प्रत्येकी दहा थापा देतात. कितव्या थापेला कोणता थर सुटला, यावरून त्याची बळकटी कळते. तरीही एका खड्ड्याचे उत्तर साऱ्या डोंगराला लागू पडत नाही. शंका असेल तर उतार टाळणे हेच शहाणपण.

आपल्या सह्याद्रीत दरडी कोसळतात, त्यामागेही थरांचेच गणित असते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव गाडले गेले, तेव्हा मुसळधार पावसाने भिजलेली माती उतारावरून सुटली होती.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इशारा शास्त्रज्ञ देतो, पण तो ज्याच्यासाठी असतो, त्याला कळणाऱ्या शब्दांतच तो कामी येतो. ‘दुर्बल स्तर’ म्हटल्याने जे उमगत नाही, ते ‘कच्चा थर’ म्हटल्याने क्षणात उमगते. म्हणून आपल्या गावातील विहीर खणणाऱ्यांना, गवंड्यांना, जुन्या शेतकऱ्यांना भेटा आणि जमिनीच्या थरांची त्यांची नावे लिहून घ्या. बोअरच्या यंत्रांबरोबर ही नावे झपाट्याने विस्मरणात चालली आहेत.