रेंज की ब्रेक?

इलेक्ट्रिक गाडी घेताना आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, 'एका चार्जवर किती जाते?' टायर कुठले, हे कोण विचारतंय! तो प्रश्न नंतर येतो. माझ्या नेक्सॉन ईव्हीला तो ३२ हजार किलोमीटरला आला. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर संपला म्हणायचं.

इतक्या लवकर? साधं कारण आहे. बॅटरीमुळे गाडी पेट्रोलच्या भावंडापेक्षा जड, आणि पिकअप असा, की सिग्नल सुटल्यावर पाय आवरत नाही. दोन्हीची किंमत रबर मोजतं.

दुकानदार म्हणाला, "साहेब, २१५/६० आर १६ ना? स्वस्तातला टाकून देऊ?" पण बॉस, साइज तीच म्हणून टायर तोच नसतो! साइजपुढचा आकडा बघा. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो. गाडीच्या पुस्तकात दिलंय त्याहून कमी घ्यायचं नाही. कडेचे चार आकडेही वाचा. १२२५ म्हणजे २०२५च्या बाराव्या आठवड्यातला माल.

खरी गोची पुढे होती. एक टायर हलका फिरणारा, म्हणजे रेंज जास्त. दुसऱ्याची ओल्या रस्त्यावर पकड चांगली, पण तो बॅटरी थोडी जास्त खाणार. दोन्ही गुण एकत्र असलेला टायर होता, पण माझ्या बजेटबाहेर.

बाबांची बायपास झाल्यापासून मी दर शनिवारी साताऱ्याला जातो. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, मध्ये चार्जिंग नाही, याचा मला कोण अभिमान! बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "किती लांब जाते ते राहू दे. पावसात थांबते कुठं, ते सांग."

विषय संपला. पकडवाले चार टायर घातले. रेंज पंधरा-वीस किलोमीटरनी घटली. आता साताऱ्याला गाडी घरच्या प्लगला लावावी लागते आणि रात्री मुक्काम करावा लागतो. आई खूश आहे.

तुम्ही शहरातच फिरत असाल, तर हलका टायर बिनधास्त घ्या. आणि कुठलाही घ्या, हवा मात्र नियमित तपासा. कमी हवेच्या टायरवर रेंजही जाते आणि टायरही!