करवीरची सभास्थाने

मिरजेहून निघालेली गाडी आधी कृष्णा आणि मग रुकडीजवळ पंचगंगा ओलांडून उसाच्या रानांतून कोल्हापुराकडे जाऊ लागते, तेव्हा संस्थानी अमदानीत, १८९१ साली, सुरू झालेल्या या लहानशा लोहमार्गाने किती मल्ल, किती गवई आणि किती नाटकमंडळ्या आपापले बाडबिस्तर घेऊन या नगरीत उतरल्या असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. या खेपेस मी निघालो होतो तो अंबाबाईच्या दर्शनाबरोबरच येथील जुनी सभास्थाने पाहण्याच्या हेतूने. कारण राजवाड्यांवरून राजाचे वैभव कळते, परंतु रयतेने एकत्र बसावे म्हणून त्याने काय बांधले, यावरून त्याचे रयतेशी असलेले नाते कळते, असे माझे मत आहे.

भाऊसिंगजी रस्त्यावरचा टाउन हॉल मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याबरहुकूम १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला. काळ्या दगडाची ही उंच मनोऱ्यांची इमारत देखणी आहे खरी, आणि आता तेथे असलेल्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची इवलीशी कांस्यमूर्ती व आबालाल रहिमान यांची चित्रे पाहण्यासाठी प्रत्येकाने अवश्य थांबावे. पण सभागृह म्हणून तिचे आयुष्य केव्हाच संपले आहे.

खासबागेत मात्र पाऊल टाकताच चित्तवृत्ती बदलते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त १९०२ साली विलायतेस गेलेल्या शाहू महाराजांनी त्या प्रवासात रोमचे कलोसियम पाहिले, आणि आपल्या मल्लांसाठीही असेच काही उभारावे हा संकल्प त्यांनी १९१२ साली या कुस्ती मैदानाच्या रूपाने सिद्धीस नेला. ते विलायतेस असतानाच, १९०२ च्या २६ जुलै रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम गॅझेटात प्रसिद्ध झाला होता. कचेरीचे दार ज्याने मोकळे केले, त्याच राजाने रयतेच्या बैठकीचीही अशी निगुतीने व्यवस्था लावावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. मैदानाची रचना साधी आणि विलक्षण आहे: मध्यभागी कुस्तीच्या मातीचा हौद, आणि त्याच्या भोवती चहूबाजूंनी वर चढत जाणारा गोलाकार उतार, जेणेकरून अगदी शेवटी बसलेल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून डाव स्पष्ट दिसावा. मी हौदाच्या काठाशी उभा असता एका वयस्क गृहस्थाने पायताण दूर काढून ठेवले, वाकून चिमूटभर तांबडी माती कपाळाला लावली, आणि तिच्यात ताक, तेल, हळद व लिंबाचा रस किती प्रमाणात कालवावा लागतो, हे मला मोठ्या आस्थेने सांगितले.

मैदानाला लागूनच १९१५ साली पूर्ण झालेले पॅलेस थिएटर आहे. १९५७ साली त्याला ज्यांचे नाव देण्यात आले, ते संगीतसूर्य केशवराव भोसले याच कोल्हापूरचे सुपुत्र. वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८ साली, त्यांनी हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही नाटकमंडळी स्थापन केली, आणि १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’ नाटकात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर उभा केल्यावर अवघ्या तीन महिन्यांत ते निवर्तले. त्यांच्या जयंतीच्या पूर्वरात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दर्शनी भागाचे पाषाण तगले, रंगमंच आणि प्रेक्षागृह मात्र गेले. ज्या रंगकर्मींनी तेथे प्रथम तोंडाला रंग लावला होता, ते त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडत होते, हे ऐकताना मला गलबलून आले.

अशा वास्तूचे पुनरुज्जीवन केवळ दगड जुळवून होत नाही. ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांना माझी विनंती एवढीच की, नव्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाचे दिसणे आणि ऐकणे यांस पहिला मान द्यावा, आणि भाडे मुक्रर करताना गावातल्या होतकरू नाट्यमंडळींना ते झेपेल, हे आधी पाहावे.