१३५ डॉलर आणि पुरणयंत्र

प्ले ही आइसलँडची विमान कंपनी २९ सप्टेंबर २०२५ रोजी बंद पडली. माझा त्यात एक डॉलरही अडकला नव्हता, तरी दिवसभर मन लागेना. २०१९ च्या मार्चमध्ये जांभळ्या विमानांची वॉव अशीच रातोरात गेली, तेव्हाही हेच झालं होतं. नवरा म्हणाला, "कसली गं ही तुझी सुतकं!"

त्याला काय सांगणार? अमेरिकेतून युरोपला स्वस्तात नेणारी कंपनी बुडाली की मला आई दिसते. साल १९७८. क्वीन्स बुलेवार्डवर, रीगो पार्कच्या तिकीट खिडकीबाहेर, फुटपाथवर सुटकेस आडवी टाकून तिच्यावर बसलेली. पाचवारी साडी, वर बाबांचा स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. पुढेमागे दाढ्या वाढवलेली गोरी पोरं, पाठीवर बोचकी. फ्रेडी लेकरच्या स्कायट्रेनला आगाऊ आरक्षण नव्हतं. रांगेत उभं राहायचं, नंबर लागला तर जायचं. लंडनपर्यंत १३५ डॉलर, म्हणजे नेहमीच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी. विमानात जेवणाचे पैसे वेगळे पडतात हे कळल्यावर आईने रात्री बसून दशम्या केल्या. सुटकेसमध्ये साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेलं पुरणयंत्र.

यंत्र आजीचं. पितळी, तीन पायांचं. दांड्याची लाकडी मूठ झिजून एका बाजूला चपटी झालेली. आजीनंतर ते आईकडे आलं. लंडनच्या धाकट्या मावशीचं म्हणणं, आजीने ते तिला कबूल केलं होतं. दोघी सांगलीच्या, म्हणजे विषय सहजासहजी मिटणार नव्हताच.

लेकरचं इथेच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. त्या आधी अटलांटिकवरची भाडी मोठ्या कंपन्यांच्या संघटनेत बसून ठरत. आइसलँडची लोफ्टलेदिर तेवढी त्या संघटनेबाहेर होती. संथ विमानांतून, रेक्याविकला थांबा घेत ती विद्यार्थ्यांना लक्झेंबर्गला पोचवायची. बाकीच्यांसाठी स्वस्त चार्टर विमानं होती, पण ती एखाद्या मंडळाच्या सभासदांनाच, तेही किमान सहा महिने जुन्या. मग नुसती कागदावरची मंडळं निघाली. (मराठी माणसाला याचं नवल वाटू नये.) लेकर या नाटकाला कंटाळला. १९७१ मध्ये त्याने परवानगी मागितली आणि २६ सप्टेंबर १९७७ ला त्याचं पहिलं विमान गॅटविकहून उडालं. ५ फेब्रुवारी १९८२ ला दिवाळं वाजलं, तेव्हा ब्रिटनमधल्या साध्यासुध्या माणसांनी त्याच्यासाठी वर्गणी पाठवली. विमान कंपनीच्या मालकासाठी वर्गणी! पण मला ते पटतं.

आमच्याकडे स्कायट्रेनने काय केलं, तर दोघी बहिणींना भांडायची सोय करून दिली. त्याआधी वर्षानुवर्षं त्या निळ्या हवाई पत्रांवर एकमेकींसाठी झुरत होत्या. "तुझ्या हातची आमटी आठवते," वगैरे. मला घेऊन आई लंडनला पोचली, गळ्यात गळे घालून झाले, आणि चौथ्या दिवशी पुरण सैल झालं यावरून जी जुंपली ती थेट यंत्राच्या मालकीवर गेली. परतीच्या वाटेवर आई विमानात एक शब्द बोलली नाही. दशम्यांच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावत-काढत बसली. यंत्र आमच्याबरोबरच परत आलं. पुढच्या वर्षी आई पुन्हा त्या रांगेत होती. महाग तिकीट काढून कुणी भांडायला जात नाही. तेव्हा गोडच बोलावं लागतं.

लेकर बुडाल्यावर एक होळी अबोल्यात गेली. मग १९८३ मध्ये पीपल एक्स्प्रेसने न्यूअर्कहून गॅटविकला १४९ डॉलरमध्ये न्यायला सुरुवात केली. तिच्या देशातल्या फेऱ्यांवर तर तिकिटाचे पैसे विमानातच, एसटीच्या कंडक्टरसारखे, गोळा करत. बॅगेला तीन डॉलर. त्या तीन डॉलरवर आई पुटपुटायची. तिने आजचे दर पाहायला हवे होते!

आता पहिल्या पानावरचं भाडं आणि पैसे भरायच्या पानावरचं भाडं यांची सोयरीक नसते. एका कंपनीच्या दारात, नाव घेत नाही, माझी पिशवी मापाच्या चौकटीतून दोन बोटं वर राहिली आणि पिशवीचं भाडं माझ्या भाड्याहून जास्त झालं. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी अजून विसरलेले नाही, विसरणारही नाही. त्यात लंडनहून निघायचा सरकारी कर: एप्रिल २०२५ मध्ये तो न्यूयॉर्कसारख्या पल्ल्याला सर्वांत स्वस्त वर्गातही ९० पौंड झाला. लेकरचं लंडनहून न्यूयॉर्कचं अख्खं तिकीट ५९ पौंडांचं होतं. आई भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय गॅटविकला उतरली, कारण ब्रिटनने आपल्याला तो सक्तीचा केला १९८६ मध्ये. माझ्याकडे अमेरिकी पासपोर्ट. निघण्याआधी पैसे भरून परवानगी मागावी लागते.

स्वस्त तिकीट आधी ठरवणाऱ्याला मिळतं. आई गेली तेव्हा मावशीने ऐन वेळचं, मागतील त्या भावाचं तिकीट काढलं आणि आली. तेरा दिवस स्वयंपाकघरात वावरली. यंत्र समोरच्या फळीवर होतं. तिने विषय काढला नाही, आणि मला आईच्या जाण्यापेक्षा त्याचंच जास्त रडू आलं.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. होळीच्या आधी तिचा हॅरोहून फोन आला. "ताईकडचं यंत्र पाठव. तू नाही आलीस तरी चालेल."

पितळेच्या पार्सलचा भाव काढला. मग मंगळवारचं, जेवण-बॅगेविना तिकीट पाहिलं. दोहोंत फार अंतर नव्हतं. रात्री तिला कळवलं, मीच घेऊन येते.

"ये," ती म्हणाली. "पण डाळ मी शिजवणार. तुझ्या आईला ती कधी जमली नाही."