ऊब सगळ्यांची, बिल कुणाचं?

मैत्रिणींनो, चार माणसं एका छपराखाली राहायला लागली की भांडणं मोठमोठ्या गोष्टींवरून होत नाहीत. ती होतात बंबातल्या पाण्यावरून! ज्यांच्या घरी पहाटे बंब पेटायचा त्यांना हे वेगळं सांगायला नको. जळण कुणी आणायचं, राख कुणी काढायची, आणि शेवटची कढत बादली कुणाच्या वाट्याला यायची, यावरून जावाजावांत आठ-आठ दिवस अबोला चालायचा. पाणी संपलं याचा राग नसायचाच. राग असायचा तो ‘तिला मिळालं आणि मला नाही’ याचा.

आता बंब गेले, गीझर आले, पण माणसं तीच. आणि आपल्या लेकी-सुना शिकायला परदेशी जातात तेव्हा हा बंब वेगळ्या रूपात त्यांच्या मागोमाग तिथं पोचतो. माझी धाकटी 2022 च्या सप्टेंबरात एका वर्षाच्या शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला गेली. त्या हिवाळ्यात तिच्या घरात पाच जणींमध्ये जे रामायण झालं, ते मी रोज रात्री फोनवर ऐकलं. तुमच्यापैकी पुष्कळ जणींची मुलं आज ना उद्या अशा सामाईक घरात राहायला जातील, म्हणून ते सविस्तर सांगते.

घर तिथल्या रिवाजाप्रमाणे लाल विटांचं, जुनं, ओळीतलं. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर तीन खोल्या आणि अगदी छपराखाली माळ्यावर एक. आमची लेक सांगलीची. माळ्यावर नागपूरची मुलगी. मधल्या मजल्यावर आमचीच्या शेजारी एक कोचीची, एक नायजेरियातली लागोसची, आणि तळमजल्यावर तिथलीच एक इंग्रज मुलगी. सगळ्या गुणी, अभ्यासू. ऑक्टोबरपर्यंत एकमेकींना डोसे आणि पोहे खाऊ घालणं चाललं होतं. मग थंडी पडली.

तिथं घर ऊबदार ठेवायची पद्धत अशी असते. स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा बॉयलर. तो पाणी तापवतो. ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरतं आणि खोली तापते. खालच्या पॅसेजमध्ये थर्मोस्टॅट असतो. त्यावर ठरवलेला आकडा गाठला की बॉयलर बंद होतो. म्हणजे बंब एक आणि बादल्या पाच!

त्यातून ते वर्षही असं की, विचारू नका. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपभर गॅसचे भाव कडाडले. ब्रिटनच्या सरकारनं ऑक्टोबरपासून दरांना लगाम घातला, तरी गॅसचं एक युनिट सरासरी 10.3 पेन्सला आणि विजेचं 34 पेन्सला पडत होतं. शिवाय दोन्हींचा रोजचा स्थिर आकार वेगळा. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास. त्या घरात एक तास बॉयलर चालला की जवळजवळ पौंडभर गॅस जळायचा. तासाला शंभर रुपये! सांगलीच्या मुलीला हा हिशेब कळल्यावर ती थर्मोस्टॅटकडे वाघाकडे बघावं तशी बघायला लागली.

घरात पाच मतं. इंग्रज मुलगी म्हणे, “अंगात आणखी एक स्वेटर घाला की!” तिला सतरा अंशांत वाढल्याची सवय, आणि शनिवार-रविवार ती आईकडे जाई, त्या दोन दिवसांचे पैसे मी का देऊ, हा तिचा प्रश्न. लागोसची दिवसभर घरी बसून प्रबंध लिही. तिला दुपारी ऊब हवी, बाकीच्या तेव्हा बाहेर. कोचीच्या मुलीच्या वडिलांनी घर गहाण टाकून शिक्षणाचं कर्ज काढलेलं. ती आठवड्याचे वीस तास, म्हणजे विद्यार्थ्यांना कॉलेज चालू असताना परवानगी असते तेवढे सगळे, वृद्धाश्रमात काम करी. तिनं आपल्या रेडिएटरची चावी बंदच करून टाकली आणि सांगितलं, “मी ऊब वापरत नाही, मी गॅसचे पैसे देणार नाही.” नागपूरची रोज कुरकुरे, की माझी खोली गारठलेली असते. बाकीच्या म्हणत, नाजूक आहे, उन्हात वाढलेली आहे. (नागपूरला थंडी नसते असं थोडंच आहे? पण तिथं दुपारी ऊन तरी मिळतं. लीड्सला डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो.)

आणि आमचीची अडचण वेगळीच. तिचं बँकेचं खातं सगळ्यांत आधी उघडलं, म्हणून गॅस-विजेचं खातं तिच्या एकटीच्या नावावर! पैसे तिच्या खात्यातून कापले जायचे आणि मग तिनं चौघींकडे मागत फिरायचं.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. महिन्याचं बिल आलं 293 पौंड. त्या हिवाळ्यात सरकार प्रत्येक घराला सहा महिन्यांत मिळून 400 पौंडांची सूट देत होतं. डिसेंबरचे 67 वजा जाता राहिले 226. माणशी 45 पौंड 20 पेन्स, म्हणजे साडेचार हजार रुपये. सूट आमचीच्या खात्यावर जमा झालेली. ती सगळ्यांची, असं म्हणून तिनं आधी वजा केली आणि मग पाच वाटे केले, हे मला फार आवडलं. पण दोघींनीच पैसे दिले. उरलेले नव्वद पौंड तिनं आपल्या खाण्याच्या पैशांतून भरले आणि मला म्हणाली, “आई, मैत्रिणींकडे पैसे कसे मागू? बरं दिसत नाही.”

आपण मुलींना वाढवतो ना, ते असंच. पाहुण्यांपुढं पैशाचं बोलू नकोस, वाणसामानाचा हिशेब चारचौघांत काढू नकोस. मग त्या मोठ्या होतात आणि स्वतः उपाशी राहून दुसरीचं बिल भरतात. मी तिला एवढंच म्हटलं, “बाळ, भीड भिकेची बहीण. पण मागण्याआधी कागद हातात घे. बिलात काय काय आहे ते आधी बघ.”

तिनं बघितलं. गॅसचे 153 पौंड, विजेचे 140. विजेचे एवढे? दिवे आणि धुण्याचं यंत्र एवढं थोडंच खाणार? जिन्याखाली मीटर होता. ती रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर आकडा लिहायला लागली. तीन दिवसांत उलगडा झाला. रात्रीतच आठ युनिटं जात होती. माळ्यावर नागपूरच्या मुलीनं दोन किलोवॉटचा विजेचा हीटर आणून ठेवला होता आणि तो रोज चार तास चालत होता. दिवसाला दोन पौंड 72 पेन्स, महिन्याला चौऱ्याऐंशी पौंड!

झालं! घरात जो भडका उडाला त्यात म्हणे हीटरची गरज उरली नाही. चोरी, लबाडी, सगळे शब्द निघाले. नागपूरची दार लावून रडत बसली.

इथं आमच्या लेकीनं एक शहाणपणाची गोष्ट केली. तिनं पाच स्वस्तातले थर्मामीटर आणले आणि प्रत्येक खोलीत एक ठेवला. सकाळी सात, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा असे आठवडाभर आकडे लिहिले. आणि मैत्रिणींनो, कागद बोलायला लागला. खालचा पॅसेज संध्याकाळी 19 अंश, आणि त्याच वेळी माळा 13! नागपूरची नाजूक नव्हती, तिची खोली खरोखरच गारठलेली होती.

असं का होत होतं? दोन कारणं निघाली. एक म्हणजे थर्मोस्टॅट स्वयंपाकघराच्या दाराशी. संध्याकाळी चार शेगड्या पेटल्या की पॅसेज तापायचा. थर्मोस्टॅटला वाटायचं, घर तापलं. तो बॉयलर बंद करायचा आणि माळा तसाच राहायचा. दुसरं कारण तर अगदीच साधं. माळ्यावरचा रेडिएटर खाली गरम आणि वर थंडगार लागायचा. नळ्यांतली हवा वर चढते आणि सगळ्यांत वरच्या रेडिएटरमध्ये साठते. हवा बसली की गरम पाणी तिथं शिरत नाही. त्यासाठी एक चिमुकली पितळी किल्ली मिळते. बॉयलर बंद करून, रेडिएटर निवला की खाली फडकं धरून ती हलकेच फिरवायची. फुस्स करत हवा जाते, पाण्याचा थेंब दिसला की बंद करायची आणि मग बॉयलरवरचा पाण्याचा दाब बघायचा. दहा मिनिटांचं काम! जिच्यावर चोरीचा आळ आला तिच्या वाट्याचा गॅस ती इतके दिवस भरत होती, आणि ऊब मात्र खालच्यांना मिळत होती. तिनं हीटर गुपचूप लावला हे चुकलंच. पण तिच्या तक्रारीकडे कुणी लक्ष दिलं असतं तर तिला तो आणावाच लागला नसता.

दुसरा धडा कोचीच्या मुलीनं शिकवला, आणि तो जास्त गंभीर आहे. ऊब बंद करून ती पैसे वाचवत होती. ओले कपडेही खोलीतच वाळवायची. जानेवारीत तिचा खोकला थांबेना. पलंग सरकवला तर मागची भिंत काळीभोर! बुरशी. श्वासातली आणि कपड्यांतली वाफ थंड भिंतीवर बसते, तिचं पाणी होतं आणि त्या ओलीवर बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटना थंडीच्या दिवसांत घरात किमान 18 अंश ऊब असावी असं सांगते, ते काही चैन म्हणून नव्हे. शिवाय एक खोली थंड ठेवली की शेजारच्या खोल्यांची ऊब भिंतीतून तिकडे जात राहते. म्हणजे ‘मी वापरत नाही’ म्हणणारीसुद्धा थोडी वापरतच असते, आणि वर आजार पदरात घेते तो वेगळाच. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं. पण अंथरूणच काढून टाकलं तर माणूस निजणार कुठं?

मग एका रविवारी पाच जणी स्वयंपाकघरात बसल्या. आमचीनं पिठलं-भात केला होता. (पोटात ऊन ऊन अन्न गेलं की माणसं निम्मं भांडण विसरतात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही!) त्यांनी जे ठरवलं ते मी तुमच्यासाठी उतरवून ठेवलंय.

ऊब सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाच तास, घरभर 18 अंश. तेवढा खर्च पाचही जणींनी सारखा वाटायचा. घरी असा नाहीतर नसा, हा घराचा खर्च. इंग्रज मुलीला हे पटायला वेळ लागला. पण ती सोमवारी परतते तेव्हा खोली उबदार मिळते ती कुणामुळं, हे तिला समजलं. खालच्या खोल्यांतल्या रेडिएटरची चावी थोडी कमी, माळ्यावरची पूर्ण उघडी. संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं. ज्यांना याहून जास्त ऊब हवी त्यांनी हीटर लावावा, पण प्लगला लावायचा छोटा मीटर बसवून. त्याचे पैसे जिचे तिचे. लागोसच्या मुलीनं दुपारी हीटरऐवजी मांडीवर घ्यायचं विजेचं ब्लँकेट आणलं. शंभर वॉटचं, तासाला साडेतीन पेन्ससुद्धा नाही. ओले कपडे खोलीत न टांगता न्हाणीघरात, खिडकी किलकिली करून.

आणि कोचीची? तिला माफी द्यावी असं चौघींच्या मनात होतं. तीच नको म्हणाली. ती म्हणाली, “मला दया नको. एकदम पंचेचाळीस पौंड निघत नाहीत एवढंच.” मग त्यांनी भिशीसारखी सोय केली. प्रत्येकीनं दर आठवड्याला दहा पौंड एका सामाईक खात्यात टाकायचे, उन्हाळा येईपर्यंत. थंडीचं मोठं बिल आलं तर त्यातून जाईल, वसंतात उरलं तर परत. आठवड्याच्या पगारातून दहा पौंड तिला जड गेले नाहीत, आणि तिची मान ताठ राहिली. मला वाटतं, सगळ्या हिशेबात ही गोष्ट मोलाची झाली.

पुढच्या महिन्यात गॅस थोडा वाढला, पण विजेचा आकडा निम्म्याहून खाली आला. एकूण बिल साठेक पौंडांनी उतरलं. हवा काढण्याची किल्ली इंग्रज मुलीनं जिन्याशी खिळ्याला टांगली. आमचीचे नव्वद पौंडही हप्त्याहप्त्यानं परत आले.

तुमच्या मुलीनं लंडनला खोली घेतली काय किंवा मुलानं पुण्यात चौघांबरोबर फ्लॅट घेतला काय, गोष्ट एकच. तिथं बॉयलर, इथं गीझर आणि ए.सी. म्हणून चार गोष्टी आधीच कानावर घाला. राहायला गेल्या दिवशी मीटरचा फोटो काढून सगळ्यांना पाठवावा. बिल एकाच्याच नावावर असेल तर उरलेल्यांनी पैसे कोणत्या तारखेला द्यायचे ते लिहून ठेवावं. जमलं तर सगळ्यांची नावं बिलावर घालावीत. ज्या खोलीतून तक्रार येते त्या खोलीत जाऊन तासभर बसून बघावं. आणि पैशांची बोलणी भांडणाच्या दिवशी करू नयेत, पहिल्या आठवड्यातच करून टाकावीत.

आपल्या पिढीतल्या पुष्कळ जणींनी एकत्र कुटुंबात मुकाट्यानं सोसलं आणि त्याला समजूतदारपणा म्हटलं. या मुली मोठ्यानं भांडल्या, पण मग आकडे मांडून बसल्या. पैशाचं स्पष्ट बोलल्यानं जिव्हाळा आटतो असं कोण म्हणतं? त्या पाच जणी आजही एकमेकींच्या वाढदिवसाला फोन करतात, आणि थंडी सुरू झाली की आमचीला नागपूरहून हटकून निरोप येतो: “हवा काढलीस का गं?”