पवनारचा पूल

वर्ध्याहून नागपूरकडे निघालेली बस पवनारचा पूल काही सेकंदांत मागे टाकते. खाली धाम नदी, काठावर विनोबांचा आश्रम. कुणी खिडकीतून हात जोडतं, बाकीचे मोबाइलमध्ये. पवनारच्या माणसाला मात्र हा पूल ओलांडण्याइतकाच थांबण्यासाठीही लागतो. पाणी किती चढलं, विसर्जनाला गर्दी किती झाली, हे इथूनच पाहायचं.

१९३८ च्या मार्चमध्ये विनोबा आजारी होते. थंड हवेच्या ठिकाणी जा, असं गांधीजींनी सुचवलं. विनोबांनी जमनालाल बजाजांचा पवनारचा बंगला निवडला. मोटार या नदीच्या पुलावर आली तेव्हा, आजवर हाती घेतलेलं सगळं मी सोडलं, असं ते तीनदा म्हणाले. धामच्या पलीकडची जागा म्हणून तिचं नाव ‘परंधाम’. पुढे १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी याच पात्रात सोडल्या. त्या तारखेला अजूनही इथे सर्वोदय मेळा भरतो.

सगळं सोडलेला हा माणूस इथे कुदळ घेऊन शेत खणू लागला आणि जमिनीतून जुनी शिल्पं निघाली. १९५१ पासून भूदानासाठी तो देशभर पायी फिरला, १९६४ मध्ये पवनारला परतला आणि १९८२ मध्ये इथेच गेला. सोडण्यासाठी फार लांब जावं लागत नाही. वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटर पुरतात. राहण्यासाठी मात्र तिथे असावं लागतं.

मी पुण्यात कोड लिहितो, बाबा पवनारला एकटे. त्यांचे गुडघे दुखतात, तरी पावसाळ्यात रोज संध्याकाळी ते पुलापर्यंत जातात आणि फोनवर पहिली बातमी देतात ती पाण्याची. ‘पुण्याला या,’ म्हटलं की म्हणतात, ‘मंग पानी कोन पाहीन?’

या महिन्यात फ्लॅटच्या कर्जावर सही करायची आहे. दोन खोल्या की एक, हे बाबांच्या उत्तरावर आहे. एक खोली घेतली तर बाबा तिकडेच राहणार, हे मीच कागदावर लिहून दिल्यासारखं होईल. परवा त्यांना स्पष्टच विचारलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तिथं नदी हाये का?’

आहे, म्हटलं. मुळा आहे. पूलही आहेत.

‘त्यावर थांबू देतात का?’

मी अजून सही केलेली नाही.